घरी अचूक वेळ मोजायची आहे: तीन घड्याळं, तीन आकडे, खरं कुणाचं?

आर्द्रा · १८ नोव्हेंबर, रात्री १०:४२

नमस्कार मंडळी. मी निफाडजवळ राहते. इलेक्ट्रॉनिक्स शिकलेले नाही, पण गेली दोन वर्षं हाताशी लागेल ते जोडून बघते आहे.

सध्या टेबलावर तीन गोष्टी आहेत: डीएस१३०७ चं साधं घड्याळ-मॉड्यूल, डीएस३२३१ चं मॉड्यूल आणि निओ-६एम हा जीपीएस. तिन्हींतून दर सेकंदाला एक ठोका बाहेर येतो. जीपीएसच्या मॉड्यूलवर त्यासाठी वेगळी पिन नव्हती, म्हणून लुकलुकणाऱ्या एलईडीच्या रेझिस्टरपाशी बारीक तार डाग देऊन काढली. हे ठोके आर्डुइनो उनो या प्रोग्रॅम करता येणाऱ्या छोट्या बोर्डाला दिले आणि दोन ठोक्यांमध्ये किती मायक्रोसेकंद जातात ते छापून घेतलं. दहा लाख यायला हवेत ना? आले हे:

जीपीएस: ९,९८,६४०
डीएस३२३१: ९,९८,६४०, मधूनच ९,९८,६३६
डीएस१३०७: ९,९८,६२८

म्हणजे जीपीएससुद्धा सेकंदाला तेराशे-साडेतेराशे मायक्रोसेकंद चुकतो? त्यात भर म्हणजे पंखा लावला की तिन्ही आकडे सरकतात आणि ९,९८,७०० च्या आसपास जाऊन बसतात. बंद केला की हळूहळू परत येतात.

तर प्रश्न असे. यातलं खरं कुणाचं धरायचं? आणि जुन्या टेलिफोन टॉवरमधून निघालेलं रुबिडियमचं अणुघड्याळ विकत मिळतं आहे, ते घेतलं तर हा घोळ कायमचा मिटेल का?

रेडिओवेडा · १८ नोव्हेंबर, रात्री ११:०५

जीपीएस बरोबर आहे. चुकतो आहे तो उनो. उनोच्या मुख्य चिपला क्वार्ट्झ क्रिस्टल नसतो, सिरॅमिक रेझोनेटर असतो. तो अर्धा टक्का इकडेतिकडे असला तरी चालतो असं धरून बसवलेला असतो. तुमचा ०.१४ टक्के चुकतोय, म्हणजे तसा गुणीच म्हणायचा. बोर्डावर चंदेरी डबीतला क्रिस्टल दिसतो, पण तो यूएसबीच्या चिपसाठी असतो. त्यामुळे भल्याभल्यांची फसगत होते.

रुबिडियम मात्र जरूर घ्या. एकदा ते घरात आलं की बाकीचं सगळं त्याच्याशी ताडून बघता येतं.

तळ्यातमळ्यात · १८ नोव्हेंबर, रात्री ११:२०

मनापासून विचारतो, ताई. मोबाइलवर वेळ बरोबरच असते की. मायक्रोसेकंद कशासाठी लागतात तुम्हाला?

आर्द्रा · १९ नोव्हेंबर, सकाळी ७:१५

@रेडिओवेडा, सिरॅमिकचं माहीतच नव्हतं. धन्यवाद!

@तळ्यातमळ्यात, सांगते. आमच्या चार-पाच जणांचा आकाश बघणाऱ्यांचा गट आहे. कधीकधी एखादा लघुग्रह एखाद्या ताऱ्यासमोरून जातो आणि तारा दोन-चार सेकंदांसाठी अक्षरशः विझतो. याला पिधान म्हणतात. वेगवेगळ्या गावांतून प्रत्येकानं तारा कधी विझला आणि कधी उजळला हे नोंदवलं, तर त्या रेघा एकत्र मांडून लघुग्रहाचा आकार काढता येतो. सावली जमिनीवरून सेकंदाला दहा-वीस किलोमीटर धावते. माझी वेळ सेकंदाच्या दहाव्या भागाइतकी जरी चुकली तरी लघुग्रहाची कड किलोमीटर-दोन किलोमीटर सरकते.

गेल्या फेब्रुवारीत मी द्राक्षबागेच्या बांधावर दुर्बीण लावून बसले होते. थंडीनं बोटं वळत नव्हती. तारा विझला, चार सेकंदांनी परत आला, सगळं चित्रित झालं. पण वेळ मोबाइलच्या घड्याळावरून टाकली होती. ती किती खरी, हे मला सांगता आलं नाही. माझी नोंद कच्ची म्हणून बाजूला राहिली. ज्यांनी ठेवली त्यांचं बरोबरच होतं. पण तो तारा माझ्या डोळ्यांसमोर विझला होता, आणि "केव्हा?" या एका प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. तेव्हापासून हे डोक्यातून जात नाही.

नाना_चिंचवड · १९ नोव्हेंबर, दुपारी १२:५०

आर्द्राताई, तुमचा फेब्रुवारीचा अनुभव वाचून राहवलं नाही. मी एका कारखान्याच्या कॅलिब्रेशन विभागात एकतीस वर्षं होतो. सविस्तर लिहितो.

आधी तुमच्याच आकड्यांत लपलेलं उत्तर बघा. पंखा लावल्यावर तिन्ही आकडे एकदम, एकाच बाजूला सरकले. तीन वेगळ्या जातीची घड्याळं एका वाऱ्यानं सारखीच कशी चुकतील? तिन्ही सरकतात याचा अर्थ फूटपट्टी, म्हणजे तुमचा उनोच, सरकते आहे. हे तुम्ही न कळत सिद्ध केलंय, आणि मापनशास्त्रात यापेक्षा मोलाचा प्रयोग नाही.

आता फूटपट्टी न बदलता अचूक कसं मोजायचं ते सांगतो. एका ठोक्यापासून पुढच्या ठोक्यापर्यंतचा काळ मोजू नका. जीपीएसच्या ठोक्यानंतर डीएस३२३१ चा ठोका किती उशिरा पडतो, ते अंतर मोजा. त्याला जीपीएसच्या लगतच्या दोन ठोक्यांमधल्या काळानं भागा. दोन्ही मापं त्याच सेकंदात, त्याच उनोनं घेतलेली असल्यामुळे उनोची चूक वरही असते आणि खालीही. भागाकारात ती उडून जाते. मग पंखा लावा नाहीतर शेकोटी पेटवा.

ही संख्या दर मिनिटाला नोंदवत जा. घड्याळ तंतोतंत असेल तर ती हलणार नाही. पुढे जाणारं असेल तर कमी होत जाईल, मागे पडणारं असेल तर वाढत जाईल. एक पीपीएम, म्हणजे दहा लाखांत एक भाग, म्हणजेच दिवसाला ८६.४ मिलिसेकंद, हा आकडा पाठ करून ठेवा.

उनोचं मायक्रोसेकंदांचं घड्याळ चारच्या पायऱ्यांनी चढतं, म्हणून एका सेकंदात तुम्हाला चार पीपीएमपेक्षा बारीक दिसणार नाही. शंभर सेकंद थांबलात की तीच पायरी ०.०४ पीपीएमची होते. चोवीस तास थांबलात तर ती इतकी बारीक होते की डीएस३२३१ चं स्वतःचं डुलणं तिच्याहून मोठं दिसू लागतं. लोक वेळ मोजणारं महागडं काउंटर घेतात ते एका सेकंदात उत्तर हवं म्हणून. तुम्हाला घाई नसेल तर शंभर रुपयांची चिप आणि एक वही पुरते.

रुबिडियमचं नंतर बोलू. सध्या घेऊ नका.

रेडिओवेडा · १९ नोव्हेंबर, दुपारी २:१०

नाना, भागाकाराची युक्ती झकास. पण रुबिडियमला नाही का म्हणता?

नाना_चिंचवड · १९ नोव्हेंबर, सायंकाळी ६:३५

दोन कारणं. पहिलं, ताईंची गरज मिलिसेकंदाची आहे आणि ती निओ-६एम कधीच भागवतो आहे. त्याच्या ठोक्याची चूक नॅनोसेकंदांत मोजायची असते.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. सीझियम हे व्याख्येतलं घड्याळ. ९,१९,२६,३१,७७० कंपनं म्हणजे एक सेकंद, हे १९६७ साली ठरलं. रुबिडियमचं तसं नाही. बाजारात येणाऱ्या जुन्या डब्यांत रुबिडियमच्या वाफेबरोबर दुसरा वायू भरलेला असतो, त्याच्या दाबानं वारंवारिता किंचित सरकते, दिवाही म्हातारा होतो. म्हणून रुबिडियमसुद्धा कुणाशी तरी ताडून लावावं लागतं. कुणाशी? जीपीएसशीच. मग आधी ताडणं शिकलेलं काय वाईट?

किल्लीवाला · १९ नोव्हेंबर, रात्री ९:०२

नानांच्या फूटपट्टीच्या मुद्द्यावर माझा अनुभव. मी किल्लीची मनगटी घड्याळं दुरुस्त करतो, हौस म्हणून. एचएमटीची जनता हे माझं लाडकं. तासाला १८,००० ठोके, म्हणजे सेकंदाला पाच. बझरमधली पितळी चकती घड्याळाच्या पाठीला चिकटवायची, तिचा आवाज संगणकाच्या साउंड कार्डात घ्यायचा, आणि सॉफ्टवेअर दिवसाला किती सेकंद पुढे-मागे ते सांगतं.

वर्षभर मी लावलेलं प्रत्येक घड्याळ दिवसाला चार सेकंद मागे पडायचं. प्रत्येक. मी केसासारख्या स्प्रिंगला दोष देत होतो, तेल बदलत होतो, एक तर पूर्ण खोलून पुन्हा जोडलं. शेवटी साउंड कार्डात जीपीएसचा ठोका घातला, तर कार्डाचाच क्रिस्टल पन्नास पीपीएमनं चुकत होता. पन्नास पीपीएम म्हणजे दिवसाला ४.३ सेकंद! आता सॉफ्टवेअरमध्ये ती दुरुस्ती टाकली आहे. वडिलांची जनता मनगटावर आठवड्याला दहा सेकंदांच्या आत चालते, आणि रोज सकाळी किल्ली देताना फार समाधान वाटतं.

पर्वरीकर · १९ नोव्हेंबर, रात्री १०:४०

वाचनखूण साठवली. गोव्यातून लिहितोय.

आमच्या घरात आजोबांचं लंबकाचं भिंतीवरचं घड्याळ आहे. जुन्या प्रिंटरमधून काढलेला एक सेन्सर आहे, एका बाजूला प्रकाश आणि दुसऱ्या बाजूला डोळा. लंबकाच्या टोकाला कागदाची बारीक पट्टी लावून ती त्या फटीतून जाऊ दिली. घड्याळाला हातसुद्धा लागला नाही.

लंबकाची दांडी पोलादी आहे. पोलाद एका अंशाला बारा पीपीएम वाढतं, आणि लंबकाचा काळ लांबीच्या वर्गमुळावर चालतो, म्हणून घड्याळ त्याच्या निम्मं, सहा पीपीएम मागे पडतं. दिवसाला साधारण अर्धा सेकंद, दर अंशामागे. आलेखात मे महिना आणि जानेवारी वेगळे ओळखू येतात. पण सगळ्यात मोठा फरक तापमानानं नाही, भिंतीनं पडला. आधी ते लाकडी फळ्यांच्या पार्टिशनवर होतं. कुणी जिन्यावरून धावत आलं की आलेख थरथरायचा. चिऱ्याच्या भिंतीवर हलवलं आणि घड्याळ शहाणं झालं.

तळ्यातमळ्यात · १९ नोव्हेंबर, रात्री ११:१२

पिधानाचं वाचून अंगावर काटा आला, ताई. प्रश्न मागे घेतो. हा धागा आता झोपू देत नाही.

अण्णा_सोलापूर · २० नोव्हेंबर, सकाळी ९:३०

मी घरच्या विजेची फ्रिक्वेन्सी मोजतो. ९ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मरवाला जुना अडॅप्टर, त्यातला डायोड काढून एसी बाहेर घेतलेली, पुढे ऑप्टोकपलर, म्हणजे तार न जोडता उजेडातून ठोका पलीकडे देणारा भाग. थेट प्लगमधून तार काढून कुणीही हे करू नये, जीव जाईल. हे मोठ्या अक्षरात लिहिलंय असं समजा.

आपल्याकडे ठरलेला पट्टा ४९.९० ते ५०.०५ हर्ट्‌झ. शेतीपंपांच्या वेळा सुरू झाल्या की सुई खाली वाकते, मध्यरात्रीनंतर वर चढते. ०.०१ हर्ट्‌झचा फरक दिवसभर टिकला तर विजेच्या ठोक्यावर चालणारं घड्याळ १७ सेकंद चुकतं, म्हणून घड्याळ म्हणून वीज उपयोगाची नाही. पण देशाची नाडी म्हणून सुंदर आहे. ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर-सोलापूर ही ७६५ केव्हीची लाइन जोडली गेली आणि दक्षिणेचं ग्रिड बाकी देशाशी एका तालात आलं. आमच्या गावाच्या नावाची लाइन! तेव्हापासून माझ्या टेबलावरचा आकडा आणि दिल्लीतल्या कुणाच्या टेबलावरचा आकडा एकच असतो. दिल्लीच्या मित्राबरोबर एकाच वेळी तासभर नोंद घेऊन ताडून पाहिलं. दोन्ही रेघा एकमेकींवर बसल्या तेव्हा आम्ही दोघं फोनवर काही क्षण गप्पच होतो.

व्हीयू_कोकण · २० नोव्हेंबर, रात्री ८:१५

हॅम रेडिओच्या, म्हणजे हौशी बिनतारी संदेशांच्या, बाजूनं एक भर घालतो, कारण काही कामांना मिलिसेकंद पुरत नाहीत, तिथे फ्रिक्वेन्सीच लागते.

क्यूओ-१०० हा हॅमसाठीचा भूस्थिर उपग्रह रत्नागिरीतून पश्चिमेला छान दिसतो. तो बोलतो १०,४८९.५ मेगाहर्ट्‌झच्या वर. मी डिश टीव्हीचा साधा एलएनबी, म्हणजे डिशच्या पुढची संकेत पकडणारी डबी, लावला. त्याच्या आत २५ मेगाहर्ट्‌झचा क्रिस्टल असतो, त्याला ३९० नं गुणून ९,७५० मेगाहर्ट्‌झ तयार होतात. म्हणजे क्रिस्टल एक हर्ट्‌झ सरकला की स्टेशन ३९० हर्ट्‌झ सरकतं! सकाळी ऊन डिशवर आलं की समोरच्याचा आवाज आधी चिरका व्हायचा, मग पार नाहीसा. मी डाव्या हातानं डायल फिरवत आणि उजव्या हातानं लिहीत बोलायचो.

शेवटी जीपीएसला बांधलेला ऑसिलेटर, म्हणजे ठरलेल्या फ्रिक्वेन्सीची लाट काढणारं सर्किट, केला. ओव्हनमधला क्रिस्टल, म्हणजे ओसीएक्सओ, सेकंदा-दोन सेकंदांच्या हिशेबात अतिशय स्थिर असतो, पण महिनोन् महिने हळूहळू वाहत जातो. जीपीएसचा ठोका उलट. एका सेकंदाला वीस-तीस नॅनोसेकंद इकडेतिकडे उडतो, पण वर्षानुवर्षं कुठे वाहून जात नाही. दोघांची लग्नगाठ बांधायची: जवळचं ओसीएक्सओवर सोपवायचं, लांबचं जीपीएसवर. आता एलएनबीमधला क्रिस्टल काढून त्याच्या जागी हा संदर्भ घातलाय. तास तास बोलतो, डायलला हात लागत नाही.

आर्द्रा · २० नोव्हेंबर, रात्री ९:४०

@व्हीयू_कोकण, जवळचं आणि लांबचं कुठे बदलायचं ते कसं ठरवलंत?

व्हीयू_कोकण · २० नोव्हेंबर, रात्री १०:०५

त्यासाठीच अ‍ॅलन विचलन असतं. डेव्हिड अ‍ॅलन यांनी १९६६ मध्ये ते मांडलं. एका सेकंदाच्या सरासऱ्या घेतल्या तर लागोपाठच्या दोन सरासऱ्यांत किती फरक पडतो? दहा सेकंदांच्या घेतल्या तर? हजाराच्या? प्रत्येकासाठी एक बिंदू. जीपीएसची रेघ उतरत जाते, ओसीएक्सओची आधी सपाट आणि मग वर चढते. जिथे दोन्ही एकमेकींना कापतात तिथे ओसीएक्सओकडची सूत्रं जीपीएसच्या हातात द्यायची. माझ्याकडे ते काही शे सेकंदांवर आलं.

मोजायला काउंटरही हवंच असं नाही. ऑसिलोस्कोपचा (लाट पडद्यावर दाखवणारं यंत्र) ट्रिगर एका ऑसिलेटरच्या १० मेगाहर्ट्‌झला लावा आणि दुसऱ्याचा १० मेगाहर्ट्‌झ पडद्यावर बघा. लाट हळूहळू सरकताना दिसेल. पूर्ण एक लाट, म्हणजे १०० नॅनोसेकंद, सरकायला शंभर सेकंद लागले तर दोघांत एक अब्जांशाचा फरक. हजार सेकंद लागले तर त्याचाही दहावा भाग. चहाचा कप घेऊन बसायचं आणि बघायचं.

फ्रँकफुर्तवासी · २१ नोव्हेंबर, पहाटे २:२०

मी मूळचा साताऱ्याचा, सध्या जर्मनीत. इथे जवळच माइनफ्लिंगेनला डीसीएफ७७ चा मनोरा आहे, ७७.५ किलोहर्ट्‌झवर अहोरात्र वेळ सांगतो. वाहक लाट दर सेकंदाला क्षणभर बारीक होते. १०० मिलिसेकंद बारीक झाली तर शून्य, २०० झाली तर एक. एकोणसाठाव्या सेकंदाला काहीच होत नाही, त्या शांततेवरून ओळखायचं की पुढचा ठोका नव्या मिनिटाचा. फेराइटची कांडी आणि चार सुटे भाग जोडून माझ्या नऊ वर्षांच्या मुलीनं तो ऐकला. "बाबा, थांबला! आता मिनिट होणार!" म्हणून ओरडायची. भारतात हा पोचत नाही, म्हणून इथली रेडिओ-घड्याळं सुट्टीत साताऱ्याला नेली की साध्या क्वार्ट्झसारखी चालतात.

सह्याद्रीचा_पाईक · २१ नोव्हेंबर, सकाळी ८:००

माझा सूर्यास्त आणि सूर्योदय एवढाच हिशेब असतो, पण एक कल्पना सुचली. उंचावर घड्याळ जोरात चालतं म्हणतात. रेडिओवेडा यांनी रुबिडियम घ्यावं, मी ते पाठीवर कळसूबाईला नेतो. येताना पायथ्याच्या बारी गावात पिठलं-भाकरी!

नाना_चिंचवड · २१ नोव्हेंबर, सकाळी १०:४५

पाईकराव, कल्पना उत्तम आहे, हिशेब करून बघू. दर मीटर उंचीला घड्याळ साधारण दहाच्या उणे सोळाव्या घाताइतकं जोरात चालतं. कळसूबाई १६४६ मीटर. समुद्रसपाटीच्या घड्याळाशी तुलना केली तर दिवसाला पंधरा नॅनोसेकंद. जुनं रुबिडियम एका दिवसात याहून कितीतरी जास्त भटकेल, त्यामुळे तुमचे पंधरा नॅनोसेकंद गर्दीत हरवतील. सीझियम हवं.

आणि हे खरंच कुणीतरी केलंय. २००५ मध्ये अमेरिकेतल्या एका हौशी माणसानं तीन सीझियम घड्याळं गाडीत घातली, मुलांना घेतलं आणि माउंट रेनियरवर दोन दिवस मुक्काम केला. परत येऊन घरच्या घड्याळांशी ताडलं तर वीस-बावीस नॅनोसेकंद जास्त गेले होते, हिशेबानं यायला हवे होते तेवढेच. मुलांबरोबर तेवढा जास्तीचा वेळ मिळाला, यापेक्षा सुंदर सुट्टी मला माहीत नाही.

गिरगाव_जुना · २१ नोव्हेंबर, सायंकाळी ५:२५

वेळेवरून आठवलं. आमची आजी "जुना टाइम का स्टँडर्ड?" असं विचारायची. स्टँडर्ड टाइम १९०६ पासून आला, पण मुंबईनं आपला मुंबई टाइम १९५५ पर्यंत सोडला नव्हता. तो ३९ मिनिटं मागे. लग्नाच्या पत्रिकेत कोणता टाइम ते लिहावं लागायचं. तुम्ही मायक्रोसेकंदांवर बोलताय आणि एका शहरात एकोणचाळीस मिनिटांचे दोन पक्ष होते!

रेडिओवेडा · २१ नोव्हेंबर, रात्री ९:५०

आर्द्राताई, मुद्द्यावर येऊ. घड्याळ खरं असून भागणार नाही, ती वेळ चित्रफितीत उतरली पाहिजे. संगणकावर वेळ बरोबर ठेवली तरी कॅमेऱ्यातून चित्र संगणकात पोचेपर्यंत किती उशीर होतो ते कळत नाही. सरळ उपाय असा: जीपीएसच्या ठोक्यावर एक एलईडी लुकलुकवा आणि तो दुर्बिणीच्या तोंडाशी धरा. पिधानाच्या मिनिटभर आधी आणि मिनिटभर नंतर, ऐन वेळी नाही, नाहीतर तारा उजेडात बुडेल. मग फ्रेम मोजायच्या. २५ फ्रेमच्या कॅमेऱ्यात एक फ्रेम ४० मिलिसेकंद. उशीर ताऱ्यालाही तेवढाच आणि एलईडीलाही तेवढाच, म्हणजे नानांचा भागाकारच झाला हा!

निओ-६एम चा ठोका १०० मिलिसेकंद लांब असतो. उजळण्याची कड धरा, विझण्याची नको. मी एकदा उलटी धरली आणि सगळ्या नोंदी एक दशांश सेकंदानं हुकल्या.

चांदणवेल · २१ नोव्हेंबर, रात्री १०:३०

यात एक धोक्याची सूचना. जीपीएसची स्वतःची वेळ आपल्या व्यवहाराच्या वेळेच्या सध्या १८ सेकंद पुढे आहे, कारण ती लीप सेकंद, म्हणजे व्यवहाराच्या वेळेत मधूनच घातला जाणारा जास्तीचा सेकंद, मोजत नाही. हा फरक उपग्रह कळवतो, पण पूर्ण संदेश यायला साडेबारा मिनिटं लागतात. तोवर जुनं मॉड्यूल आपल्या पोटात साठवलेला जुना फरक वापरतं. ठोका अचूक, पण सेकंदाचा आकडा दोन-तीननं चुकीचा! मॉड्यूल अर्धा तास आधी चालू करून ठेवा.

शेवटचा लीप सेकंद आठवतोय का कुणाला? १ जानेवारी २०१७, आपल्याकडे पहाटे साडेपाचला. मी उठून बसले होते. ५:२९:५९ नंतर ५:२९:६० दिसलं, एकच क्षण. २०३५ पर्यंत ही प्रथा थांबवायचं ठरलंय, म्हणून ते पाहिल्याचं बरं वाटतं.

अण्णा_सोलापूर · २२ नोव्हेंबर, सकाळी ७:४०

डीएस३२३१ च्या निळ्या मॉड्यूलवर साधा सीआर२०३२ सेल घातला असेल तर तिथला डायोड किंवा रेझिस्टर काढून टाका. ते सेलला चार्ज करायला बघतं, आणि तो सेल चार्ज करायचा नसतो. माझा फुगला होता.

आर्द्रा · ११ जानेवारी, रात्री ११:३०

मंडळी, सात आठवडे गप्प होते, कारण वही भरत होते.

नाना, तुमच्या पद्धतीनं पहिल्या दिवशी सायंकाळी सातला अंतर ०.३४१२ सेकंद होतं. दुसऱ्या दिवशी सातला ०.२३७५. फरक १०३.७ मिलिसेकंद, म्हणजे डीएस३२३१ हे १.२ पीपीएम पुढे. पंखा लावून पाहिला, अंतर हललं नाही. त्या रात्री मी घरातल्या सगळ्यांना बोलावून पंखा लावून दाखवला. न हलणारा आकडा बघायला सासूबाईसुद्धा आल्या.

मग चिपच्या माहितीपत्रकात वाचलं की आत एजिंगचं एक रजिस्टर असतं, एका पायरीला सुमारे ०.१ पीपीएम, अधिक आकडा घातला की घड्याळ संथ होतं. अधिक बारा घातला. त्यानंतर २७ दिवसांत ते एकूण ०.१६ सेकंद पुढे गेलं.

डीएस१३०७ खिडकीबाहेर टांगलं होतं. निफाडची थंडी तुम्हाला माहीत आहे. एका पहाटे पारा ७ अंशांवर होता. पाच ते सहा या एका तासात, २५ अंशांना ते ज्या वेगानं चालतं त्यापेक्षा ४० मिलिसेकंद मागे पडलं. म्हणजे ११ पीपीएम. माहितीपत्रकातलं सूत्र, अंशांच्या फरकाचा वर्ग गुणिले ०.०३४, तेवढंच सांगतं. द्राक्षांना थंडी बाधू नये म्हणून बाहेर शेकोट्या पेटल्या होत्या आणि माझ्या टेबलावर थंडी किती, हे एक घड्याळ सांगत होतं.

आणि मुख्य गोष्ट. ८ जानेवारीच्या पहाटे पिधान होतं. मॉड्यूल अर्धा तास आधी चालू केलं. एलईडीला काळी चिकटपट्टी लावून सुईनं भोक पाडलं, तरी उजेड जास्त होता, म्हणून वर वहीचा कागद लावला. आधी वीस ठोके, मग हात बाजूला, मग वाट बघणं. तारा ३.२ सेकंद नव्हता. नंतर पुन्हा वीस ठोके. फ्रेम तीनदा मोजल्या, एकदा मी, दोनदा मुलानं. वेळेची चूक जास्तीत जास्त एका फ्रेमची, असं मी लिहून सही केली. नोंद या वेळी मुख्य तक्त्यात गेली आहे.

रुबिडियम घेतलं नाही. हवंसं वाटतं अजून, ते खोटं बोलणार नाही.

तळ्यातमळ्यात · ११ जानेवारी, रात्री ११:४१

ताई!!! अभिनंदन!

रेडिओवेडा · १२ जानेवारी, सकाळी ६:५५

वहीचा कागद! मी दोन वर्षं रेझिस्टर बदलत बसलो होतो. आजच करतो.

नाना_चिंचवड · १२ जानेवारी, सकाळी ९:२०

शाबास. ०.१६ सेकंद २७ दिवसांत म्हणजे ०.०७ पीपीएम शिल्लक. रजिस्टरात तेरा घालून आणखी महिनाभर बघा, किंचित मागे पडू लागेल. मग बारा आणि तेरामधलं कोणतं ठेवायचं ते उन्हाळ्याचा आलेख बघून ठरवू. खिडकीतल्या घड्याळाची पूर्ण नोंद मला पाठवाल का? तापमानाचा रकाना असेल तर तोही. मला सात अंशांची ती पहाट स्वतः काढून बघायची आहे.